मेल्या म्हशीला मणभर रेंज

'सिंगल हँड, शोरूम कंडिशन, बॅटरी एक नंबर, रेंज १२०. गरजूंनीच संपर्क साधावा.' जुनी इलेक्ट्रिक मोटरसायकल विकायला काढणाऱ्याची जाहिरात याच्यापुढे जात नाही. यातलं 'सिंगल हँड' आरसीवर बघता येतं. 'शोरूम कंडिशन' गाडी उजेडात उभी केली की दिसते, किंवा दिसत नाही. उरतात बॅटरी आणि रेंज. पैसे त्यांचेच मोजायचे असतात आणि पुरावा नेमका त्यांचाच कुणाकडे नसतो. मेल्या म्हशीला मणभर दूध, ही म्हण ज्याने केली त्याने इलेक्ट्रिक गाडी पाहिली नव्हती, पण गाडी विकणारा पुरता ओळखला होता.

माझं म्हणणं साधं आहे आणि ते मी नाशकातल्या कुठल्याही गाडीबाजारात उभा राहून सांगेन. जुनी इलेक्ट्रिक मोटरसायकल म्हणजे जुनी बॅटरी. बाकी दोन चाकं, एक सांगाडा, एक सीट. हे विकणाऱ्याला माहीत असतं, डीलरला माहीत असतं, कंपनीच्या सर्व्हरवर तर गाडीची नाडी रोज नोंदली जात असते. माहीत नसतं ते फक्त पैसे मोजणाऱ्याला. आणि ते त्याला कळू नये यातच बाकी सगळ्यांची सोय आहे.

आधी घेणाऱ्यांचेच कान उपटतो, कारण ते माझ्या जवळचे आहेत. गिऱ्हाईक येतं ते सोबत एक मेकॅनिक घेऊन. त्या बिचाऱ्याची हयात स्प्लेंडर आणि ॲक्टिव्हा खोलण्यात गेलेली. तो सवयीने वाकून सायलेन्सरची जागा बघतो, तिथे सायलेन्सर नसतो. मग टायर दाबतो, हँडल हलवून कोनसेट बघतो (सिंहस्थाच्या नावाने शहरभर जे खणून ठेवलंय त्यात कुणाचा कोनसेट धड राहिलाय म्हणा), एक चक्कर मारतो आणि 'गाडी स्मूथ आहे' असा निकाल देऊन चहा मागतो. अहो, इलेक्ट्रिक गाडी स्मूथच असते! अखेरच्या घटका मोजणारी बॅटरीही पहिले चार किलोमीटर तक्रार न करता नेते. रिव्होल्टची आरव्ही ४०० ही मोटरसायकल २०१९ च्या ऑगस्टमध्ये आली, तेव्हा मोबाइल ॲपवरून सायलेन्सरचे खोटे आवाज काढायची सोय तिच्यात दिली होती. आपल्या गिऱ्हाइकाची अक्कल कानात आहे हे कंपनीने बरोबर हेरलं होतं.

दुसरा प्रश्न ठरलेला: 'किती चालली?' चार हजार म्हटलं की डोळे चमकतात. पेट्रोलच्या गाडीत ही चमक रास्त होती. इथे मात्र तीन वर्षांत चार हजार चाललेली गाडी पाहिली की मला आधी शंका येते. ती उभी होती कुठे? आणि कशी? लिथियमची बॅटरी चालवल्याने झिजते तशी नुसती ठेवल्यानेही झिजते. भर मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली शंभर टक्के चार्ज करून महिनोन् महिने उभी ठेवली तर तिची क्षमता कायमची घटते. त्याच्या उलट केलं, म्हणजे शून्यावर आणून गाडी विसरून गेलं, तर ते त्याहून वाईट. सेल ठरावीक व्होल्टेजच्या खाली गेला की आतलं तांबं विरघळायला लागतं, आणि पुढे कुणी तो पुन्हा चार्ज करून 'जिवंत' केला की सेलच्या आतच शॉर्ट होण्याचा धोका तयार होतो. रोज कामावर जाणाऱ्या माणसाने वीस हजार किलोमीटर चालवलेली, वीस ते ऐंशी टक्क्यांच्या मध्ये ठेवलेली गाडी मी डोळे झाकून नाही, पण निम्म्या शंकेने घेईन. ती चार हजारवाली, 'मुलगा पुण्याला शिकायला गेला म्हणून उभीच होती' अशी गाडी मी फुकट मिळाली तरी घराच्या आत चार्जिंगला लावणार नाही.

माझा भाचा राहतो सिडकोत आणि कामाला लागला सिन्नरच्या माळेगाव एमआयडीसीत. जाऊन-येऊन साठेक किलोमीटर. पेट्रोलचा हिशेब करून त्याने इलेक्ट्रिक मोटरसायकल घ्यायची ठरवली, आणि नवीची किंमत बघून जुनी. गाडी बघायला मला सोबत नेलं. इंदिरानगरच्या एका सोसायटीचं पार्किंग, गाडी धुऊन-पुसून, टायरना काळं पॉलिश मारून उभी. विकणारा पंचविशीचा, तोंडाचा गोड. 'काका, १२० आरामात देते.'

मी खाली बसलो आणि चार्जिंगच्या सॉकेटचं झाकण उघडलं. आतली एक पिन पितळी दिसत होती, दुसरी तपकिरी. तपकिरी पिनेच्या भोवतीचं प्लास्टिक किंचित फुगून चकाकत होतं. लूज कनेक्शन तापत राहिलं की प्लास्टिक असंच दिसतं. बॅटरीच्या कव्हरचे चार स्क्रू पाहिले. दोनांची डोकी शाबूत, दोनांची खरवडलेली. कव्हरच्या कडेने पांढरं सिलिकॉन, तेही इतकं ताजं की अजून त्यावर धूळ बसली नव्हती. 'हे काय?' म्हटलं. 'पावसाळ्यात पाणी जाऊ नये म्हणून लावलंय, काका.' कंपनीने पाणी जाऊ नये म्हणून मूळचं जे सील दिलं होतं ते कुठे गेलं, हा प्रश्न त्याला आवडला नाही.

मग भाच्याला म्हटलं, मागे बस. डबलसीट, स्पोर्ट मोड, पाथर्डी फाट्याहून पांडवलेण्यांच्या पायथ्यापर्यंत आणि परत. निघताना मीटरवर ६२ टक्के. आठेक किलोमीटरनंतर ४१. गाडी पार्किंगमध्ये लावून पाच मिनिटं गप्पा मारल्या, पुन्हा चावी फिरवली तर ४७! भाचा खुश झाला, 'मामा, वाढली बघा.' वाढली नव्हती रे बाबा. जोर लावला की व्होल्टेज बसतं, जोर काढला की वर येतं. बॅटरीचा आतला रोध, म्हणजे इंटर्नल रेझिस्टन्स, वाढला की हे बसणं-उठणं असं टक्क्यांत दिसायला लागतं. कसाही हिशेब करा, ती गाडी चाळीस-पन्नास किलोमीटरच्या वर जाणार नव्हती. भाचा माळेगावला पोचला असता आणि मोहदरी घाट उतरून येताना शिंदे-पळशाच्या आसपास ढकलत निघाला असता.

विकणाऱ्याचं उत्तर तयार होतं. 'काका, स्पोर्टला एवढं जातंच. इकोवर चालवा.' सिन्नर रस्त्यावर इको मोडवर गाडी चालवायची तर आधी मागच्या ट्रकवाल्याला इको मोड समजावून सांगावा लागेल. मी म्हटलं, 'एक काम करू. आज रात्री माझ्यासमोर हिला दहा टक्क्यांवरून शंभरवर नेऊ, मी मीटर आणतो.' तेव्हा त्याने जे वाक्य उच्चारलं ते या अख्ख्या धंद्याचं ब्रीदवाक्य आहे: 'एवढं कोण बघतं, काका?'

तर तो मीटर. सॉकेट आणि चार्जर यांच्या मध्ये लावायचा छोटा वॉटमीटर हजार-पंधराशे रुपयांत मिळतो. किती युनिट वीज आत गेली ते तो दाखवतो. गाडीचा डॅशबोर्ड खोटं बोलू शकतो, सॉकेट बोलत नाही. समजा बॅटरी कागदावर ४ किलोवॉट-तासांची, म्हणजे बोलीभाषेत चार युनिटांची आहे. दहा टक्क्यांवरून शंभरवर न्यायला तिला ३.६ युनिट लागायला हवेत. चार्जरमध्ये दहा-बारा टक्के उष्णतेत जातात, म्हणजे मीटरवर चारच्या आसपास आकडा यायला हवा. तो तीनवरच थांबला आणि गाडी 'फुल्ल' म्हणाली, तर हिशेब उलटा मांडा. तीनमधले बॅटरीत पोचले सुमारे २.६४, तेही नव्वद टक्के भरण्यासाठी. म्हणजे अख्खी बॅटरी उरली २.९ युनिटांची. चारातली सत्तावीस टक्के बॅटरी गेली. विकणारा शंभर टक्के दाखवतोय ते शंभर टक्के या उरलेल्याचे आहेत. इलेक्ट्रिक मोटरसायकल रस्त्यावर किलोमीटरमागे तीस ते पस्तीस वॉट-तास खाते. तुमचं रोजचं अंतर त्याने गुणा आणि स्वतःच ठरवा. यात कुठलीही विद्या नाही. सातवीतल्या पोराला जमेल असं गणित आहे, पण लाखाच्या घरातला व्यवहार करताना ते एकालाही सुचत नाही. घोटीच्या बाजारात बैलाचं तोंड उघडून दात मोजल्याशिवाय सौदा होत नाही. तिथला शेतकरी आपल्या इंजिनिअर झालेल्या मुलापेक्षा शहाणा गिऱ्हाईक आहे.

मीटर हाताशी नसेल तर गाडी फुल्ल चार्ज करून त्र्यंबकला जाऊन या. जाऊन-येऊन साठेक किलोमीटर. त्र्यंबकराजाचं दर्शन होईल आणि बॅटरीचंही. बघायचं एवढंच की टक्के सारख्या चालीने उतरतात की मध्येच कडा कोसळतो. चाळीसवरून एकदम बारावर येणारी गाडी म्हणजे आतला एखादा सेल-गट मेलेला. ७२ व्होल्टच्या पॅकमध्ये सेलचे वीसेक गट एकामागे एक जोडलेले असतात. त्यातला सर्वांत कमजोर गट खाली गेला की बीएमएस, म्हणजे बॅटरीवर पहारा ठेवणारं सर्किट, सगळा पॅक बंद करतं. एकोणीस गट ठणठणीत असूनही तुम्ही रस्त्याच्या कडेला उभे. सर्व्हिस सेंटरच्या लॅपटॉपवर या गटांची व्होल्टेजं शेजारी शेजारी दिसतात. फुल्ल चार्जनंतर त्यांच्यातला फरक वीस-तीस मिलिव्होल्ट असेल तर ठीक, शेकड्यात गेला असेल तर नमस्कार करून परत या. हा पडदा दाखवायला सर्व्हिस सेंटरला दहा मिनिटंही लागत नाहीत. तरी 'तसं दाखवायची परवानगी नाही, सर' हे उत्तर मी ऐकलेलं आहे. गाडी घेणाऱ्याला गाडीची प्रकृती सांगायची परवानगी नाही! दवाखान्यात असं म्हणाले असते तर लोकांनी खुर्च्या फेकल्या असत्या.

आणि निफाडकडच्या मंडळींनी हे सगळं डिसेंबरात तपासावं. तिथे पहाटेचा पारा कधी कधी पाचच्या खाली जातो आणि थंडीत चांगल्या बॅटरीचीही रेंज घटते. वाईट बॅटरी तर थेट उघडी पडते.

आता किमतीकडे वळू, कारण निर्लज्जपणाचा कळस तिथे आहे. २०२१ च्या जूनपासून २०२३ च्या मेअखेरपर्यंत केंद्र सरकार फेम-२ योजनेत इलेक्ट्रिक दुचाकीला किलोवॉट-तासामागे पंधरा हजार रुपये देत होतं, गाडीच्या किमतीच्या चाळीस टक्क्यांची मर्यादा ठेवून. सव्वातीन किलोवॉट-तासांच्या मोटरसायकलवर हे अनुदान अठ्ठेचाळीस हजारांच्या पुढे जायचं. जून २०२३ मध्ये ते दहा हजारांवर आणि मर्यादा पंधरा टक्क्यांवर आली, ३१ मार्च २०२४ ला योजनाच संपली. पुढच्या योजनांत पाच हजार आणि मग अडीच हजार. २०२२ मध्ये गाडी घेणाऱ्याने ते अठ्ठेचाळीस हजार दिलेलेच नाहीत, ते तुम्ही-आम्ही कररूपाने दिले. आज तोच माणूस नव्या गाडीची अनुदान गेल्यानंतरची किंमत दाखवतो, त्यातून वीस-पंचवीस टक्के 'कमी' करतो आणि आपण फार नुकसानीत विकतोय असा चेहरा करतो. म्हणजे सरकारने त्याला फुकट दिलेले पैसे तो तुम्हाला रोखीत विकतो. त्याचं मूळ बिल मागा. बिलावर अनुदानाची ओळ छापलेली असते. घासाघीस त्या ओळीच्या खालच्या आकड्यावरून सुरू करा, वरच्या नाही.

बिलावर आणखी एक गोष्ट बघा, किंवा आरसीवर: गाडी कोणत्या महिन्यात तयार झाली. हा महिना का बघायचा ते नाशिककरांना तरी सांगायला लागू नये. ९ एप्रिल २०२२ रोजी आपल्याच शहरात, जितेंद्र ईव्ही या नाशिकच्याच कंपनीच्या चाळीस स्कूटर घेऊन निघालेल्या कंटेनरला आग लागली आणि वरच्या मजल्यावरच्या वीस स्कूटर जळाल्या. सुदैवाने कुणी जखमी झालं नाही. त्याच्या आधी मार्चअखेरीस पुण्यात ओलाची स्कूटर रस्त्याच्या कडेला पेटली होती, वेल्लोरमध्ये चार्जिंगला लावलेली स्कूटर पेटून बाप-लेक गुदमरून गेले होते. आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरात वसईत घरात चार्जिंगला लावलेल्या बॅटरीच्या स्फोटात सात वर्षांचा मुलगा भाजला आणि काही दिवसांत दगावला. त्या वर्षीच्या अशा आगींनंतर कुठे सरकार जागं झालं. बॅटरीच्या सुरक्षेचं एआयएस १५६ हे मानक कडक केलं गेलं. त्याचा पहिला टप्पा १ डिसेंबर २०२२ पासून आणि दुसरा, जास्त कठीण, ३१ मार्च २०२३ पासून. एका सेलला आग लागली तर ती पॅकभर पसरण्याबाबतची कसोटी, पाणी-धुळीपासून बंदिस्त पॅक, सेलच्या उत्पादनाची नोंद, जास्त चांगलं बीएमएस, हे सगळं त्यानंतरचं. आज जुन्या बाजारात २०२१-२२ च्या कितीतरी गाड्या फिरतायत. त्यांच्यातली प्रत्येक पेटेल असं मी म्हणत नाही, बहुतेक आयुष्यभर सुखाने चालतील. पण एप्रिल २०२३ च्या आधीची आणि नंतरची गाडी एकाच भावात विकणारा माणूस तुम्हाला बनवतोय, एवढं नक्की.

त्यातही रिपॅक केलेली बॅटरी असेल तर भाव सोडा, रस्ता बदला. गल्लोगल्ली 'लिथियम बॅटरी रिपेअर'ची दुकानं निघाली आहेत. त्यातले काही कारागीर खरंच हुशार आहेत, त्यांना माझा सलाम. पण बाकीचे जुन्या पॅकमधले बरे सेल निवडून, वेगवेगळ्या वयाचे आणि वेगवेगळ्या कंपन्यांचे सेल एकत्र ठोकून, बीएमएसला 'रिसेट मारून' गाडी शंभर टक्के दाखवून देतात. खरवडलेले स्क्रू, ताजं सिलिकॉन, सीलचं फाटलेलं स्टिकर, पॅकवरचा क्रमांक आणि कागदावरचा क्रमांक वेगळा असणं या त्याच्या खुणा. अशा बॅटरीला कंपनीची वॉरंटी नाही, पुढे काही झालं तर विमा कंपनीही हात वर करायची शक्यता जास्त. आणि ती झोपेल तुमच्या घरात, जिन्याखाली, बाहेर पडायच्या एकुलत्या एक वाटेवर. आरव्ही ४०० सारखी बॅटरी निघणारी गाडी असेल तर लोक ती बॅटरी थेट दिवाणखान्यात आणून लावतात. सोय म्हणून ठीक, पण ज्या बॅटरीचा पूर्वेतिहास माहीत नाही ती पोरांच्या खाटेशेजारी लावायला काळीज फार मोठं लागतं.

गोदाकाठच्या गाड्यांची वेगळी गंमत. पुराचं पाणी नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या छातीला लागलं की सराफ बाजारातल्या पार्किंगमध्ये काय काय बुडतं ते नाशिककराला ठाऊक आहे. आयपी ६७ असं अभिमानाने सांगतात. त्या आकड्याचा अर्थ एक मीटर पाण्यात अर्धा तास, तोही स्वच्छ पाण्यात आणि नव्या सीलला. गोदामाईचा पूर अर्ध्या तासात ओसरत नाही. सीटखाली, कनेक्टरच्या खाचांत वाळलेला गाळ बोटाने शोधा.

कंपन्यांबद्दल बोललो नाही तर लेख अपुरा राहील. वॉरंटी पाच वर्षांची, आठ वर्षांची, असे आकडे जाहिरातीत मोठ्या टायपात असतात. ती दुसऱ्या मालकाकडे जाते का, कुठल्या अटीवर जाते, मधली एखादी सर्व्हिस चुकली तर काय, हे बारीक टायपात. विकणारा 'वॉरंटी आहे ना अजून' म्हणतो, पण ती गाडीची आहे की त्याची, हे कंपनीकडून तुमच्या नावाने लेखी घेतल्याशिवाय त्या शब्दाला अर्थ नाही. ॲपचं तसंच. गाडी तुमच्या पार्किंगमध्ये आणि ॲपवर मालक म्हणून आधीचा माणूस. त्याने मनात आणलं तर तुमची गाडी कुठे उभी आहे ते तो बघू शकतो, काही गाड्यांत लांबून कुलूपही लावू शकतो. पैसे द्यायच्या आधी त्याच्यासमोर त्याचं खातं काढून तुमचं चढवून घ्या. 'नंतर करू' म्हणाला तर पैसेही नंतर द्या.

आणि कंपनी उद्या असेल का? हा प्रश्न कुजका वाटला तरी विचारा. एके काळी देशात सर्वाधिक इलेक्ट्रिक दुचाकी विकणारी हिरो इलेक्ट्रिक अनुदानाच्या वादात सापडली आणि डिसेंबर २०२४ मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ओला इलेक्ट्रिकला नोटीस बजावली तेव्हा ग्राहक हेल्पलाइनवर वर्षभरातल्या १०,६४४ तक्रारी जमल्या होत्या. त्यातल्या ९९.१ टक्के मिटवल्याचं कंपनीने सांगितलं, ते आपण ऐकून घेऊ. मोटरसायकलींची गोष्ट स्कूटरपेक्षा नाजूक आहे. त्या मुळात विकल्याच कमी गेल्या. पुण्याच्या टॉर्क मोटर्सने २६ जानेवारी २०२२ ला क्रॅटोस आणली तेव्हा मराठी माणूस म्हणून माझीही छाती फुगली होती. पण छाती फुगल्याने कंट्रोलर मिळत नाही. कुठल्याही कंपनीची जुनी मोटरसायकल घेण्याआधी नाशकातल्या सर्व्हिस सेंटरवर स्वतः जा, फोन करू नका. तिथे उभ्या असलेल्या धूळ खाणाऱ्या गाड्यांच्या मालकांना विचारा, सुटा भाग यायला किती आठवडे लागले. बेल्ट, चार्जर, डिस्प्ले, कंट्रोलर, चारहींचे भाव लेखी घ्या. चार्जर ओरिजिनल नसेल तर तो बाहेरून लावलेला चार्जर बॅटरीच्या रसायनाला आणि व्होल्टेजला जुळतो का, हे ज्याला कळत नाही त्याने ती गाडी घेऊ नये.

कागदांचा भाग मी लवकर उरकतो, कारण तो आपल्याकडे लोकांना जरा तरी कळतो. हिरव्या पाटीवर पांढरी अक्षरं असायला हवीत. आरसीवर बँकेचा बोजा असेल तर फॉर्म ३५ आणि बँकेची एनओसी, नावावर करायला फॉर्म २९ आणि ३०. एजंट नको असेल तर पेठ रोडच्या आरटीओत स्वतः जाता येतं, कुणी खात नाही. 'याला पासिंग लागत नाही' असं सांगून मोटरसायकलच्या आकाराचं काही विकत असेल तर लक्षात ठेवा: अडीचशे वॉटच्या आत आणि ताशी पंचवीसच्या आतच ही सूट आहे. पन्नासने पळणारी बिनपाटीची गाडी बेकायदाच, अपघात झाला की विमा नाही, आणि मग पळणार तुम्ही. डीलरकडून घेत असाल तर १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओचं अधिकारपत्र लागतं, ते भिंतीवर कुठे टांगलंय ते विचारा. भिंत बहुधा मोकळी असेल, गणपतीचा फोटो सोडला तर. सरकारचा विनोदही नोंदवून ठेवतो. नव्या इलेक्ट्रिक गाडीवर जीएसटी पाच टक्के, आणि जुनी इलेक्ट्रिक गाडी नोंदणीकृत डीलरने विकली तर त्याच्या नफ्यावर अठरा टक्के. डिसेंबर २०२४ मध्ये जीएसटी परिषदेने हा दर वाढवला. ज्याला नवी परवडत नाही तो जुनी घेतो, आणि जो डीलर बिल देऊन सरळ विकायला बसलाय त्याच्यावरच जास्त कर. मग धंदा बिनबिलाच्या पार्किंगमध्ये गेला तर नवल काय?

हे वाचून पेट्रोलवाल्यांनी टाळ्या वाजवायची गरज नाही. इलेक्ट्रिक मोटरसायकल हे उत्तम यंत्र आहे. सिन्नरला रोज जाणाऱ्या कामगाराच्या खिशातले दर महिन्याला हजारो रुपये ती वाचवू शकते, आणि नीट तपासून घेतलेली जुनी तर नवीपेक्षाही लवकर पैसे वसूल करते. म्हणूनच मला राग येतो. ज्याला ही गाडी सर्वांत उपयोगी आहे त्यालाच हा बाजार सर्वांत आधी लुबाडतो. ज्याच्याकडे दुसरी गाडी नाही, दुसरे पैसे नाहीत, आणि बॅटरी गेली तर नवीसाठी पन्नास-साठ हजार कुठून आणायचे याचं उत्तर नाही.

पेट्रोलच्या गाडीला वर्षातून एकदा तरी पीयूसीची नळी लागते. धूर मोजला जातो, खोटा का होईना, कागद तयार होतो. इलेक्ट्रिक गाडीला पीयूसीची सूट आहे आणि ती योग्यच आहे. पण तिची तब्येत मोजणारं असं काहीच नाही. आरसीवर चासिस क्रमांक आहे, मोटरचा क्रमांक आहे, रंगसुद्धा आहे. नाही ती बॅटरीची उरलेली क्षमता. माझी परिवहन खात्याला जाहीर विनंती आहे: कंपनीने मागेल त्याला बॅटरीचा अहवाल फुकट आणि सही-शिक्क्यानिशी द्यावा, आणि गाडी नावावर करताना तो फॉर्म ३० सोबत जोडल्याशिवाय अर्ज घेऊ नये. तेवढं लगेच जमत नसेल तर पेठ रोडच्या कार्यालयात पंधरा अँपिअरचं एक सॉकेट आणि एक मीटर बसवा. लोक रांग लावतील, रांगेची आपल्याला सवय आहे. तोवर, वाचकहो, मीटर लावू न देणाऱ्याच्या हातावर टोकनचा एक रुपयाही ठेवू नका.